इशिताने न केलेली सही

फेअरली
६ ऑक्टोबर २०२४

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते. मी ठीक आहे आणि इशिताही धडधाकट आहे. पण जे झालंय ते फोनवर बोलायचं नाही असं तिने मला बजावलंय. "आई, नो फोन, नो टेक्स्ट्स. कोर्टात सगळं मागवता येतं." कागद मागवता येत नाही का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा बघून फोन बाजूला ठेवला आणि कागद घेतला. सुशांत असता तर नवऱ्यापाशी बोलले असते. आता तूच आहेस.

तू मागच्या पानगळीत आली होतीस तेव्हा नदीकाठच्या ज्या रस्त्याने आपण गेलो, तो लॉरेल रिव्हर पार्कवे आठवतोय ना? ट्रकला बंदी, एक दुकान नाही, नुसती झाडी आणि दगडी कठडे. त्या एका रस्त्यापुरते वेगळे पोलीस आहेत आणि आपली इशिता त्यांच्यात आहे, हे ऐकून तू हसली होतीस. चीफ हॅरिगन आणि त्याच्या हाताखाली मोजके ऑफिसर्स, बस. गावच्या पोलिसांशी त्यांचा संबंध नाही. वर एक कमिशन आहे, ते रस्त्याच्या डांबराचं आणि गवत कापायचं बघतं. पोलिसांना विचारणारं असं कुणी नाही. ती तिथे लागली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. शहरातल्या गोळीबारापेक्षा हे बरं, हरणं आडवी येतील, फार तर कुणी स्पीडिंग करेल.

दोन आठवड्यांपूर्वी एका शनिवारी दुपारी ब्रेनन नावाच्या ऑफिसरने पिकनिकच्या जागेजवळ एक गाडी थांबवली. त्यात रामोन ओर्तेगा नावाचे गृहस्थ होते. शाळेची बस चालवतात, वय माझ्याएवढं असेल, मासे धरायला निघाले होते. ब्रेननने मदत मागितली म्हणून इशिता दुसऱ्या गाडीतून पोचली. ओर्तेगांनी फक्त विचारलं, मला का थांबवलं. एवढ्यावर ब्रेननने त्यांना ओढून बाहेर काढलं आणि दगडी कठड्यावर आपटलं. एकदा नाही. इशिताने मागून धरून त्याला बाजूला केलं.

ते गृहस्थ हॉस्पिटलमध्ये आहेत. बोलताना शब्द सापडत नाहीत म्हणे. आणि वर पोलिसांवर हल्ला केल्याचा आरोप त्यांच्यावरच आहे. ब्रेननने लिहिलंय की ते धक्का देऊन पळाले आणि कठड्यावरून पडले. कॅमेऱ्याचं विचारशील तर, त्या डिपार्टमेंटमध्ये कॅमेरे बहुतेक वेळा चार्जिंगलाच असतात.

चीफने इशितापुढे तयार टाइप केलेला जबाब ठेवलाय. पळाले, पडले, मी पाहिलं. खाली तिचं नाव. "वी आर अ स्मॉल फॅमिली हिअर," असं म्हणाला. तिने वेळ मागून घेतलाय.

ताई, मला वाटतं तिने सही करावी आणि मग गुपचूप नोकरी सोडावी. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण रात्रंदिवस ती त्या लोकांमध्ये असते, कमरेला बंदूक लावलेल्या लोकांमध्ये. तू तिची लाडकी मावशी आहेस. तू सांगितलंस तर ऐकेल.

तुझी मालू


शुगर लँड
१३ ऑक्टोबर २०२४

मालू,

पत्र पोचलं. पोस्टमन गेल्यावर गॅरेजमध्येच उभ्याने वाचलं. इथे अजून उन्हाळा सरलेला नाही, घामाने कागद ओला झाला.

सही करायची नाही. माझं आयुष्य हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलंय. पडलेलं डोकं आणि आपटलेलं डोकं वेगळं दिसतं, आणि ते डॉक्टरांना कळतं, फक्त त्यांना कुणी विचारावं लागतं. आज ना उद्या कुणीतरी विचारेल. त्या दिवशी त्या कागदावर आपल्या पोरीचं नाव नको.

पण तिथे राहायचंही नाही. नोकरी सोड आणि इथे ये, हे मी तिला सांगितलं. हो, मी फोन केला. काही नाव न घेता बोललो दोघी, गुप्तहेरांसारख्या. ती काय म्हणाली सांगू? "मावशी, मी गेले तर फक्त ब्रेननची स्टोरी उरते."  एकनाथला विचारलं तर तो म्हणाला, वकील गाठा. इंजिनियर माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीवर स्पेशालिस्ट हवा असतो, पण या वेळी बरोबर बोलला. पोलिसांच्या तक्रारी बघणारं राज्याचं ऑफिस असतं, तिथेही चौकशी करा म्हणतो.

घाबरू नकोस असं लिहिणार होते. मग वाटलं, घाबरण्यासारखंच आहे. घाबर, पण जेवत जा.

उल्का


फेअरली
२८ ऑक्टोबर २०२४

ताई,

तिने सही केली नाही. चीफ रागावला नाही, नुसता "ओके" म्हणाला. इशिता म्हणते, ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिच्याशी कुणी बोलेनासं झालंय. ती ब्रेकरूममध्ये गेली की बाकीचे उठतात. आणि गेल्या आठवड्यापासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी पार्कवेची गाडी येऊन थांबते. भर दुपारी. आमची गल्ली त्यांच्या हद्दीत येत नाही. इंजिन चालू असतं, आत बसलेला माणूस फोन बघत असतो. शेजारची मिसेस पॉल मला म्हणाली, किती छान, आपल्याकडे पोलिसांचं लक्ष असतं.

आता पुढचं तुझ्यापाशीच राहू दे. इशिताला अजिबात सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे.

बुधवारी कॉलेजमधला गणिताचा क्लास घेऊन मी पार्कवेनेच घरी येत होते. मागे लाल-निळे दिवे लागले. मी बाजूला घेतली गाडी. आरशात बघितलं तर ब्रेनन. तू त्याला पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. उन्हाळ्यात त्यांच्या पिकनिकला मी बटाटेवडे नेले होते तेव्हा याने सगळ्यांत जास्त खाल्ले होते, आणि "मिसेस वर्तक, यू शुड ओपन अ रेस्टॉरंट" म्हणाला होता.

त्याने ओळख दाखवली नाही. "लायसन्स अँड रजिस्ट्रेशन, मॅम." मी दिलं. तो त्याच्या गाडीत जाऊन बसला आणि बसूनच राहिला. शेजारून गाड्या जात होत्या, लोक माझ्याकडे बघत होते. मला बाथरूमला जायचं होतं. हात स्टीअरिंगवरून काढायचे नाहीत हे इशितानेच शिकवलंय, म्हणून तसेच धरून बसले, इतके की बोटांना मुंग्या आल्या.

मग आला आणि म्हणाला, बाहेर या. ब्रेक लाइट बंद आहे तुमचा. मला कठड्यापाशी गवतात उभं केलं. खाली नदी. तो अगदी जवळ येऊन उभा राहिला, ओरडला नाही, हात लावला नाही. लायसन्स परत देताना म्हणाला, "इशिता इज लाइक अ सिस्टर टू अस. हा रस्ता ओला असला की फार वाईट. यू बोथ ड्राइव्ह केअरफुली." आणि गेला. तिकीट नाही, काही नाही.

घरी येऊन मी गाडी मागे घेत गॅरेजच्या दारावर उजेड बघितला. दोन्ही ब्रेक लाइट चालू आहेत.

इशिताला कळलं तर ती त्याच्या अंगावर धावून जाईल आणि मग तिचंच डोकं कुठल्यातरी दगडावर आपटेल. म्हणून सांगायचं नाही. मी आता हायवेने जाते, लांब पडतं तरी.

मालू


शुगर लँड
४ नोव्हेंबर २०२४

मालू,

पत्र वाचलं. तुझं गुपित माझ्यापाशी आहे.

इशिताला सुट्टी घ्यायला लाव. आजारी पड म्हणावं. ड्युटीवर ती एकटी असते की जोडीने, हे तिला विचारून मला कळव. मी जास्त लिहीत नाही, कामं पडली आहेत. वकिलाचं लवकर बघा.

उल्का


फेअरली
११ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र उलटसुलट करून बघितलं, पाठीमागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. एवढं कोरडं पत्र तू मला कधी पाठवलं नव्हतंस. मला समजतं गं. आमच्या या कटकटीत तुला किती ओढायचं? एकनाथरावही वैतागले असतील. यापुढे फार त्रास देणार नाही.

इकडे जरा बरं आहे. इशिता शांत झाली आहे. परवा ड्युटीवरून आली तर हसत होती, मला घट्ट मिठी मारली, "आई, मस्त वरणभात कर" म्हणाली. कित्येक दिवसांत मागितला नव्हता. गल्लीच्या तोंडाची गाडी दोन दिवस आलेली नाही. जोडीचं विचारलं तर म्हणाली, "इट्स फाइन, सगळे रेडिओवर असतात."

आणि महत्त्वाचं म्हणजे चीफ हॅरिगनने मला फोन केला होता. स्वतः. इतक्या अदबीने बोलला की मी उभीच राहिले ऐकताना. म्हणाला, इशिता चांगली ऑफिसर आहे, तिचं करिअर वाया जायला नको. जुना जबाब त्याने फाडून टाकलाय. नवीन जबाबात एवढंच आहे की त्या वेळी मला नीट दिसलं नाही. आई म्हणून तुम्ही तिच्याशी बोला, म्हणाला.

ताई, हे खोटं म्हणता येईल का? माणसाला कधी कधी नसतं दिसत नीट. मी येत्या रविवारी तिच्याशी बोलणार आहे. तिला सुशांतची शपथ घालणार आहे. एवढ्याने हे सगळं मिटणार असेल तर मिटू दे.

मालू


शुगर लँड
१४ नोव्हेंबर २०२४

मालू,

हे पत्र ओव्हरनाइट पाठवते आहे, म्हणजे रविवारच्या आत तुझ्या हातात पडेल. फोन उचलला होता. तू "हॅलो ताई" म्हणालीस आणि मागे इशिताचा आवाज आला, माझी जीभ उचलेना. हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

मी तुझ्यावर वैतागले नव्हते. मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी इशिताचा मला फोन आला होता आणि तिने मला शब्द द्यायला लावला होता की आईला सांगायचं नाही. तुझं गुपित एका हातात, तिचं दुसऱ्या हातात, आणि दोघींना मी लिहिणार काय? तो शब्द आता मोडते.

महिन्याच्या सुरुवातीला ती ड्युटीवर एकटी होती. तिने एक पिकअप थांबवला. आत दोन माणसं, दोघंही प्यायलेली. एक जण खाली उतरला, त्याच्या हातात गाडीच्या जॅकचा लोखंडी दांडा होता. तिने रेडिओवर मदत मागितली. उत्तर नाही. पुन्हा मागितली, जागा सांगितली, माणसाच्या हातात काय आहे ते सांगितलं. कुणी काही बोललं नाही, मालू. रेडिओ चालू होता, तिकडे कुणीतरी ऐकत असल्याचा आवाजसुद्धा येत होता. तो माणूस चालत तिच्या दिशेने आला. तिने बंदूक काढली. म्हणते, त्याला गोळी घालावी लागणार असं मला वाटलं होतं, आणि मग माझ्या बाजूने बोलायला कोण होतं?

एका कँपर गाडीतले म्हातारा-म्हातारी तिथून जात होते. त्यांनी गाडी थांबवली आणि हॉर्न दाबून धरला. ते हलेचनात. शेवटी ते दोघे प्यायलेले पिकअपमध्ये बसून निघून गेले. इशिता ऑफिसात परतली तेव्हा सगळे पिझ्झा खात बसले होते. ब्रेनन म्हणाला, नदीपाशी रेडिओ जरा पॅची असतो.

तू लिहितेस, ती हसत आली आणि वरणभात मागितला, त्या संध्याकाळी असंच काहीतरी पुन्हा झालं नसेल कशावरून?

चीफ जो जबाब देतोय त्याने काही मिटणार नाही. ते तिला दिसलं नाही म्हणायला लावतील, आणि पुढच्या वेळी तिला काही झालं तर तेही कुणाला दिसलेलं नसेल.

ब्रेननने तुला रस्त्यात थांबवलं होतं ते, हे पत्र तुला पोचायच्या वेळेला, मी इशिताला फोनवर सांगणार आहे. कोर्टात मागवायचं तर मागवू देत. दोघी माझ्यावर रागवा. पण एकमेकींशी बोला.

ताई


फेअरली
२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

रागावले होते. आता नाही.

तुझं पत्र मी ड्राइव्हवेतच वाचलं. आत आले तर इशिता जिन्यावर बसलेली, फोन मांडीवर. युनिफॉर्मची पँट आणि वर घरातला टीशर्ट. मला म्हणाली, "त्याने तुला गाडीतून उतरवलं?" मी म्हटलं, "तुझ्या रेडिओवर कुणी बोललं नाही?"  मग मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. ती इतकी थरथरत होती, ताई, लहानपणी ताप भरला की थरथरायची तशी. मी इतके दिवस समजत होते की घाबरणारी मी एकटीच आहे, ती शूर आहे. ती म्हणाली, "आय थ्रो अप बिफोर एव्हरी शिफ्ट, आई."

सुशांतची शपथ घातली नाही. वेगळंच बोलून गेले. म्हटलं, तू सही करावीस असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आय नो. तू न बोलता पण कळत होतं." आणि मग, "मलाही एकदा तसं वाटलं होतं."

मंगळवारी आम्ही राज्याच्या ऑफिसात गेलो. हायवेने. वाटेत कितीदा मी मागे वळून बघितलं असेल. एकनाथरावांनी सुचवलेले वकील सोबत होते. चौकशी अधिकारी मिसेस कोल म्हणून एक बाई आहेत, बारीक आवाजाच्या, मधेमधे खोकतात. इशिताचं सगळं ऐकून घेतल्यावर माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, मी फक्त आई आहे, सोबत आले आहे. इशिता म्हणाली, "टेल हर, आई."

 ब्रेननचं नाव घेताना वाटलं, एकदा हे बाहेर पडलं की परत घेता येणार नाही. ब्रेक लाइट, गवत, नदी, तो काय म्हणाला, सगळं सांगितलं. बटाटेवडेसुद्धा सांगितले, का कोण जाणे. मिसेस कोलनी विचारलं, तुम्हाला तेव्हा काय वाटलं? मी म्हटलं, हा मला ढकलेल आणि लिहील की मी घसरले. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

ओर्तेगांच्या केसची सुनावणी डिसेंबरात आहे. त्यांच्या वकिलाने इशिताला साक्षीला बोलावलंय. तोवर ती रजेवर. घराबाहेर सध्या कुणाची गाडी नसते, आणि त्याचीही मला भीती वाटते. निदान दिसायची तरी.

तू येशील का? मला एकटीने त्या खोलीत बसवणार नाही.

मालू


शुगर लँड
२९ डिसेंबर २०२४

मालू,

काल रात्री सुखरूप पोचले. विमानात झोप लागली नाही. पूर्ण वेळ ती खोली डोळ्यांपुढे होती.

एक सांगायचं राहिलं. इशिता साक्ष देत होती तेव्हा तू डोळे मिटून घेतले होतेस. माझा हात धरून इतका दाबलास की अंगठीचा वळ अजून आहे. म्हणून तू जे बघितलं नाहीस ते मी लिहून पाठवते.

ब्रेनन पहिल्या रांगेत बसला होता. एक पाय हलवत होता, सारखा. त्याच्या मागे डिपार्टमेंटचे बाकीचे, युनिफॉर्ममध्ये, ओळीने. इशिता चालत आली तेव्हा ते सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले, ठरवल्यासारखे.  ती बसली, पाण्याचा ग्लास तिने बाजूला सरकवला.  सरकारी वकिलाने विचारलं, डिपार्टमेंटवर तुमचा राग आहे ना? ती म्हणाली, "नो सर. आय ॲम अफ्रेड ऑफ देम."  जजनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

मग तिने जे पाहिलं ते सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. ओर्तेगा काकू शेजारी दुभाषी घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक वाक्य त्यांना जरा उशिरा कळायचं, आणि इशिता तेवढं थांबायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं थांबायला.

आणि ओर्तेगा. ते तिच्याकडे बघत होते आणि ओठ हलवत होते. शब्द सापडत नव्हता. शेवटी त्यांनी नुसती मान हलवली, हो, हो, असंच झालं, अशी.

तुझी मुलगी घाबरट आहे असं तूच म्हणालीस. हो. आपण तिघीही.

निकालाचं कळव. फोनवर कळवलंस तरी चालेल आता.

ताई


फेअरली
१८ जानेवारी २०२५

ताई,

फोनवर निकाल सांगितला होताच. ओर्तेगांवरचा आरोप जजनी काढून टाकला. ब्रेननला पगारी रजेवर पाठवलंय. चीफ हॅरिगन अजून त्याच खुर्चीत आहे. आणि इशिताला कमिशनचं पत्र आलं की बजेटमुळे तिची जागा कमी करण्यात येत आहे. ती ते वाचून हसली आणि मग बराच वेळ आंघोळ करत राहिली. मिसेस कोल म्हणतात, चौकशी चालू राहील, पण आतला आणखी एक माणूस बोलला पाहिजे. एकटी इशिता असली की ते म्हणतात, ही नाराज होती.

हे सगळं तुला माहीत आहे. पण आत्ता जे चाललंय ते मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, कारण मला हाताला काहीतरी काम हवं आहे.

सकाळी इशिता ग्रोसरीला गेली होती. बाहेर बर्फ पडून घसरडं झालंय. दाराची बेल वाजली. काचेतून बघितलं तर पार्कवे पोलिसांच्या युनिफॉर्ममधला माणूस. उघडावं की नाही कळेना. तेवढ्यात त्याने टोपी काढून हातात धरली. ताई, पोलीस दारात येऊन टोपी काढतात तेव्हा काय सांगायला येतात ते मला माहीत आहे. सुशांतच्या वेळी असाच एक आला होता. दार कसं उघडलं आठवत नाही. मी एवढंच विचारलं, "व्हेअर इज शी?"

तो गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं. "नो, नो, मॅम. शी इज फाइन. ॲज फार ॲज आय नो शी इज फाइन. मी तिलाच भेटायला आलोय." मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. त्याने मला उठवलं, पाणी आणून दिलं, माझ्याच घरात कपाटं उघडून ग्लास शोधला.

सार्जंट विल्कॉक्स त्याचं नाव. पांढरे केस, रिटायर व्हायला आलेला. कोर्टात तो त्या ओळीत शेवटचा बसला होता म्हणाला. मी त्याला ओळखलं नाही, माझे डोळे मिटलेले होते. तो सोफ्याच्या कडेवर बसला. मी समोर बसले. मधे टेबल ठेवलं. खरं सांगायचं तर फोनवर गावच्या पोलिसांचा नंबर लावून ठेवला होता.

इशिता आली. हातात पिशव्या. त्याला बघून दारातच थांबली.

तो उभा राहिला. "मी सगळ्यांत जवळ होतो त्या दिवशी," म्हणाला. "दोन मिनिटांवर. तुझा प्रत्येक शब्द ऐकला. चीफने सांगितलं होतं, हिला उत्तर द्यायचं नाही. मी हात रेडिओवर ठेवून बसलो होतो." त्यानंतर म्हणाला, "तू कोर्टात म्हणालीस, आय ॲम अफ्रेड ऑफ देम. मी बावीस वर्षं तिथे आहे. मीपण घाबरतो."

ती त्याला माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "मला सांगू नका. मिसेस कोलना सांगा." आणि तिथेच उभी राहून फोन लावला. त्या निघाल्या आहेत. बर्फामुळे वेळ लागेल म्हणाल्या.

आता तो बाहेरच्या खोलीत बसलाय, मी केलेला चहा हातात धरून, पीत नाही. इशिता खिडकीशी.  त्याचा स्वतःचा लाल पिकअप आमच्या दारात रस्त्यालाच लावलेला आहे. डिपार्टमेंटमधला प्रत्येक माणूस तो पिकअप ओळखतो, असं तो स्वतःच म्हणाला. मघाशी उठला आणि किल्ली काढून इशिताला विचारलं, गाडी घराच्या मागे नेऊन लावू का? रस्त्यावरून दिसणार नाही.

मला वाटलं, हो म्हण. बाई, हो म्हण.

इशिता खिडकीतून न वळता म्हणाली, "नो. लीव्ह इट देअर."

 किल्ली खिशात टाकून तो परत खाली बसला.

मालू